रस्त्याकडची पट्टी

शेणखताची गाडी खालच्या खाचरात उतरत नव्हती. म्हणून सगळं खत रस्त्याकडेला ओतलं होतं, आणि तिथून टोपल्यांनी आत न्यायचं होतं. तीन दिवस थोरली ते वाहत होती. डोक्यावर चुंबळ, मानेवरून ओघळणारं काळं पाणी, आणि गुडघे असे वाजत होते की वाटावं आत कोणी सुपारी फोडतंय. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बांधावर टेकली, तर शेजारी सून वही मांडीवर घेऊन लिहीत होती. थोरलीला अक्षरं जेमतेम यायची, पण आकडे ती कुणाच्याही बापाला हार जाणार नाही असे वाचायची. तिनं एका तीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कशाचा.

"तुमच्या तीन दिवसांची मजुरी, आई."

"माझी? आणि ती देणार कोण, तू?"

सून म्हणाली, द्यायची नाही, नुसती मांडायची. शेण गोठ्यातलं असलं म्हणून फुकट होत नाही. वाहणाऱ्याचे दिवस धरले नाहीत तर हे वासाचं, सुगंधी भात परवडलं की नाही ते कधीच कळणार नाही. हे ती अगदी शांतपणे, शाळेत मास्तरीण सांगते तसं सांगत होती. थोरली उठली, रिकामी टोपली उचलली.

"चाळीस वर्षं ह्या मातीत हाडं जिरवली, आणि आज माझ्याच खाचरात मी रोजंदारीवर लागले. मग हेही लिही, की बाईला जेवायची सुट्टी मिळाली नाही."

सुनेनं ते लिहिलं नाही. हसलीही नाही. थोरलीला तिचा हाच राग होता. भांडणात पोरगी आवाज चढवत नसे, आणि समोरच्यानं आवाज चढवला नाही की थोरलीचं भांडण एका पायावर लंगडत राही.

घर थोरलीचं होतं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून चावी, शेत आणि शेवटचा शब्द तिच्याकडे. मुलगा लोकांच्या शेतात ट्रॅक्टर हाकायचा. आई बोलली की हं, बायको बोलली की हं. दोघी एकदम बोलल्या की तो ट्रॅक्टरचं तेल बघायला जायचा. खाचरं दोन. वरच्यात साधं भात, ते थोरलीचं. त्याबद्दल वाद नव्हता. वाद खालच्याचा होता. तिथंही आजवर साधं भातच होत आलं होतं, युरियाच्या गोण्यांवर पोसलेलं, बऱ्या वर्षी वीस पोती देणारं.

सुनेचं म्हणणं, वासाचं लावू. पोती कमी येतील, बारा म्हणा. पण दर साध्याच्या अडीचपट. आणि त्याला खत निम्मंच दुकानाचं. निम्मं शेणाचं आणि पेरून गाडलेल्या तागाचं. शेतकी खात्याच्या बाईनं तिला ते एका सभेत समजावलं होतं, मोठं नावही सांगितलं होतं. थोरली त्याला 'अर्धं गोठ्यात अर्धं दुकानात' म्हणायची.

तिनं होकार दिला तो अट घालून, आणि तीही दीर आणि त्याची बायको, धाकटी जाऊ, ओसरीवर बसलेले असताना, म्हणजे उद्या कुणाला शब्द फिरवता येऊ नये. एक वर्ष. माल वासाच्या दरानं गेला तर खालचं खाचर सुनेचं. ती करील तसं, थोरली तोंड उघडणार नाही. नाही गेला तर खाचर दिराला वाट्यानं द्यायचं आणि सुनेनं शेताचं नाव काढायचं नाही. थोरली तोंड उघडणार नाही, ह्या भागावर कुणाचाच विश्वास बसला नाही. बाकी सगळं सर्वांनी ऐकून ठेवलं. धाकटीनं तर जरा जास्तच नीट ऐकलं. तिचं खाचर रस्त्यापलीकडे अगदी समोर होतं, आणि समोरच्या ताटातलं नेहमीच जरा जास्त दिसतं.

लावणी झाली. थोरलीनं अट घातली होती तरी लावणीला ती सगळ्यांच्या पुढे होती. वाकली की तिची ओळ दोरी धरल्यासारखी जायची, आणि मागच्या बायकांना ती मान न वळवता सांगायची कुणाचं रोप तिरकं गेलंय. चिखलानं बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. रात्री त्यांना तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा चिखलात घालायच्या, असे दहा दिवस गेले.

मग दीड महिन्यानं ती लाज सुरू झाली.

धाकटीचं साधं भात काळंभोर हिरवं झालं होतं, पानं रुंद, वाऱ्यावर नुसतं डुलायचं. आणि रस्त्याच्या अलीकडे थोरलीचं खाचर पोपटी, फिकट, नुकतंच दुखण्यातून उठलेल्या माणसासारखं. सून दर आठवड्याला एक प्लॅस्टिकची पट्टी घेऊन खाचरात उतरायची. तिच्यावर हिरव्याच्या छटा होत्या. पान त्यावर ठेवायचं, बघायचं, आणि म्हणायचं, बरोबर आहे. ह्या जातीचं पान असंच फिकं असतं. गडद झालं की पिकाला नत्र जास्त झालं म्हणायचं, मग ते उंच वाढतं, पडतं आणि दाण्यातला वास जातो. थोरली ऐकून घ्यायची. पण रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्यांच्या हातात ती पट्टी नव्हती. ते नुसते बघायचे, आणि थोरली त्यांना बघताना बघायची.

एकदा धाकटी पाण्याला चालली होती. घागर कमरेवर, चाल सावकाश. खाचराजवळ आली आणि थांबली.

"जाऊबाई, भाताला कावीळ झाली का हो? का सूनबाईनं ह्यालाही वहीत उपासाला बसवलंय?"

थोरली म्हणाली, तुझ्या भाताचं बघ, फार खाल्लेल्याला उठता येत नाही. उत्तर झकास होतं. पण धाकटी हसत गेली, आणि मागून येणाऱ्या दोघी बायकाही हसल्या. कावीळ हा शब्द मग पंधरा दिवस गावात फिरला. पिठाच्या गिरणीवर तिला विचारलं गेलं. दवाखान्याच्या रांगेत विचारलं गेलं. ज्या बाईच्या खाचराकडे बोट दाखवून लोक आपल्या पोरांना शिकवायचे, तिला आता कोणीही सल्ला द्यायला लागलं, की मूठभर युरिया टाका हो, चार दिवसांत कसं होतं बघा. पी हळद नि हो गोरी. थोरली त्या सगळ्यांना एकच सांगायची, सुनेचं खाचर आहे, तिला विचारा. सांगताना तोंड कडू व्हायचं. सुनेचं कसलं. नाव तर हिचंच जात होतं.

पीक पोटरीत आलं, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या पोटातच होती, तेव्हा एका टळटळीत दुपारी थोरलीनं ते केलं. सून सभेला गेली होती. मुलगा कामावर. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वरच्या खाचराच्या गोणीतून तिनं दोन बादल्या युरिया काढला आणि खालच्या खाचरात उतरली.

सगळ्या खाचरात टाकायला तो पुरला नसता, आणि तिला टाकायचाही नव्हता. आतल्या भागाकडे कोण बघतं? तिनं फक्त रस्त्याकडची पट्टी धरली, साधारण आठ हात रुंद, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकटीच्या खाचरातून जितकी दिसायची तितकीच. मूठ भरायची, मनगट फिरवायचं, पुढे सरकायचं. हात जुना होता, फेक सारखी पडत होती. लावणीच्या भेगा अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. त्यांत खत झोंबत होतं. तिनं दात आवळले आणि दुसरी बादली संपवली. मग बादल्या विसळून उपड्या घातल्या, हात धुतले आणि नुकतीच झोपेतून उठल्यासारखी ओसरीवर येऊन बसली.

पाचव्या दिवशी पट्टी काळी पडली. दहाव्या दिवशी धाकटीचं भात तिच्यासमोर फिकं वाटायला लागलं. कावीळ हा शब्द बंद झाला. एक म्हातारा सायकलवरून उतरून उभा राहिला आणि म्हणाला, हात आहे बाई थोरलीचा. थोरलीनं त्या दिवशी भाकरी जास्त खाल्ली.

सुनेला ते दिसायला वेळ लागला नाही. ती प्लॅस्टिकची पट्टी घेऊन उतरली, चार ठिकाणी पान लावून बघितलं आणि बराच वेळ वाकून उभी राहिली. मग वर येऊन तिनं विचारलं, इथं काही टाकलंत का.

"शेणाचा ढीग कुठं होता?" थोरलीनं उलट विचारलं.

ढीग तिथंच होता. गाडी तिथंच उतरली होती, वाहून होईपर्यंत खत तिथंच पडून होतं, त्याचा पाक पावसानं त्याच पट्टीत उतरला असणार, हे सगळं सुनेनंच मोठ्यानं बोलून स्वतःला पटवलं. थोरलीला खोटं बोलावं लागलंच नाही, नुसतं गप्प राहावं लागलं. आणि गप्प राहिलेलं खोटं मोजत नाहीत, असं ती स्वतःला सांगत राहिली. सुनेनं ते वहीत लिहून घेतलं. तिचा चेहरा जरा उजळला होता. म्हणजे शेण वाढवलं की असं पीक येतं, ती म्हणाली. मग दुकानाचं निम्मंही कमी करता येईल.

पुढे लोंब्या बाहेर पडल्या, भरू लागल्या, आणि एका वाऱ्याच्या सकाळी ती काळी पट्टी आडवी झाली. आतलं फिकट भात उभं होतं, बारीक, कण्हत असल्यासारखं वाकलेलं पण उभं. रस्त्याकडचं मात्र म्हशीनं लोळण घेतल्यासारखं चिखलात झोपलं होतं. सून आणि थोरली दोघी उतरल्या, चार चार खोडं एकत्र बांधत त्यांना उभं करायला लागल्या. निम्मी उभी राहिली, निम्मी हातातच मोडली. सून एवढंच म्हणाली, एकाच जागी फार साचलं, पुढच्या वेळी सगळीकडे पसरून घालू. थोरलीचं कपाळ चिखलानं माखलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि अजून माखलं.

कापणीला सुनेनं पट्टीतलं भात वेगळं कापायला लावलं, वेगळं झोडपलं, खळ्यावर वेगळा ढीग घातला. का, म्हणून दिरानं विचारलं, तर म्हणाली, हे शेण जास्त मिळालेलं. शेणानं वास वाढतो म्हणतात, ते बघायचंय.  मिसळून टाक, एकाच खाचराचं भात, दोन ढीग कशाला, असं थोरली दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा जोरात. सुनेनं ऐकलं नाही. मोठा ढीग नऊ पोत्यांचा, लहान तीनाचा दिसत होता, पण फोल बरंच, म्हणजे धरायचा अडीचचाच.

वासाचं भात घेणाऱ्या व्यापाऱ्याला सगळे नाक्या म्हणत, कारण तो माल डोळ्यांनी बघतच नसे. त्याच्याजवळ एक थर्मास, एक काचेचा पेला आणि एक बशी असायची. मूठभर दाणे तळहातांत चोळून सोलायचे, पेल्यात टाकायचे, वर उकळतं पाणी, वर बशी. मग तो घड्याळाकडे बघत बसायचा. बशी उचलली की एकदाच हुंगायचा, आणि दर ठरायचा.

तो आला त्या दिवशी खळ्यावर सगळे होते. दीर होता, कारण खाचर त्याच्याकडे येणार की नाही ते आज ठरणार होतं. धाकटी होती, आपलं सूप परत न्यायला आल्याचं सांगत होती. मुलगा ट्रॅक्टर बंद करून आला होता. नाक्यानं विचारलं, मूठ कुठून घेऊ. आणि सुनेनं लहान ढीग दाखवला. हा जास्त शेणाचा, ती म्हणाली. हा सगळ्यांत चांगला.

थोरलीच्या जिभेवर शब्द आला. तिनं तो गिळला. न बोलता नुसतं उभं राहायचं होतं. खाचर दिराकडे जाणार, वीस पोती पुन्हा येणार, वही चुलीत जाणार. एवढंच तर हवं होतं की. बशी पेल्यावर बसली आणि काचेला आतून घाम आला.

नाक्यानं बशी उचलली. हुंगलं. पुन्हा झाकली, पुन्हा उचलली. मग त्यानं पेल्यातलं पाणी खळ्याच्या मातीवर भिरकावलं. त्याचे शिंतोडे थोरलीच्या पायावर पडले.

"साधं आहे. आणि युरिया खाल्लेलं."

सून म्हणाली, शक्य नाही, ठरल्यापेक्षा जास्त युरिया ह्यात नाहीच, माझ्याकडे लिहिलेलं आहे. तिनं वही उघडून पुढे धरली. पान सापडेना, ती मागे पुढे उलटत राहिली, आणि तिचा असा गोंधळ थोरलीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला.

"वहीला वास येतो का?" नाक्या म्हणाला. "वासाचं बी सांगायचं आणि साधं गळ्यात मारायचं, असली घरं मला रोज भेटतात. सगळा ढीग असाच असणार. उगाच माझा पेला धुवायला लावलात."

धाकटीनं सूप काखेत धरलं होतं. ती हसली नाही. तिनं फक्त आपल्या नवऱ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच खाचर मोजलं.

थोरलीला खाचराचं काही वाटलं नाही, सुनेचं तर नाहीच. पण असली घरं. तिच्या खळ्यावर उभं राहून, तिच्या पायांवर पाणी उडवून, हा दीड फुटाचा पेलेवाला तिच्या घराला लबाड म्हणत होता. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईच्या तोंडावर आख्खं पोळं येऊन बसलं.

"थांब रे नाक्या." तो थांबला. "त्या ढिगाला मी युरिया घातलाय. पोटरीत असताना, दोन बादल्या. हिला ठाऊक नाही. दुसऱ्या ढिगाला माझा हात लागलेला नाही. माझं घर लबाड नाही, मी आहे. तो हुंग आणि मग बोल."

 नाक्यानं सुनेकडे बघितलं, मग दुसरी मूठ घेतली. पाणी, बशी, घड्याळ. ह्या वेळी बशी उचलायच्या आधीच कडेनं वास सुटला, तापत आलेल्या दुधासारखा, आणि खळ्याच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलानंही मान वर केली. नाक्यानं एकदाच हुंगलं.

त्यानं लगेच दर पाडायला सुरुवात केली. एक ढीग बिघडलाय म्हणजे दुसऱ्याचीही खात्री काय, दुप्पट देतो. सून म्हणाली, अडीचपट, नाही तर पेला उचला.  थोरलीच्या मते तिनं रिकाम्या पोत्यांचे पैसेही मागायला हवे होते, मागितले नाहीत. पण दर अडीचपटच लागला. नऊ पोती अडीचपटीनं म्हणजे साध्याची साडेबावीस. थोरलीनं बोटांवर मोजलं आणि बोटं मिटली. खाचर सुनेचं झालं होतं. पट्टी शाबूत राहिली असती तर तीसला पोचलं असतं, हेही तिनं मोजलं. ते मोजायला बोटं लागली नाहीत.

माल भरून नाक्याची गाडी गेली. दीर गेला. सून थोरलीसमोर येऊन उभी राहिली.

"शेणाचा ढीग होता म्हणालात."

"होता की."

"त्या पट्टीकडे बघून पुढच्या वर्षी अख्ख्या खाचरात दुप्पट शेण टाकणार होते मी. दुकानाचं बंद करणार होते." तिनं वही मिटली. "पुढच्या वर्षी तुम्ही खाली पाय ठेवायचा नाही. लावणीलाही नाही."

"माझ्यासारखी ओळ तुला कोण लावून देतंय ते बघते मी."

"वाकडी लागेल," सून म्हणाली. "लागू दे. आणि ही अडीच पोती विकायची नाहीत. घरात शिजवू. संपेपर्यंत हेच."

मुलगा तेल बघायला निघून गेला. थोरली म्हणाली, ठेव, मला काय भीती घालतेस, माझ्या हातचं आहे, मी खाईन. सून वळून घराकडे गेली.

ढिगात फोल पुष्कळ होतं, ते वाऱ्यावर देऊन काढायचं राहिलं होतं. थोरलीनं आपलं सूप उचललं. धाकटी अजून तिथंच घुटमळत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, द्या जाऊबाई, मी पाखडते थोडं, तुमचे हात दुखत असतील.

"जिभेनं केलीस तेवढी मदत पुरे," थोरली म्हणाली. "नीघ."

ऊन उतरेपर्यंत ती एकटीच उपणत होती. फोल उडून तिच्या केसांत, भुवयांत बसत होतं. दाणा खाली पडत होता, जाड, शहाणा दिसणारा. तिनं एक मूठ चोळून नाकाशी नेली. धुळीचा वास आला, आणि स्वतःच्या हाताचा. तिनं पोती भरली, दाभणानं तोंडं शिवली. दोन भरलेली जागेवरच ठेवली आणि अर्धं पोतं पाठीवर घेऊन घराकडे निघाली, कारण हाक मारायला कोणी नव्हतं आणि मारायची तिला नव्हती.

दारात सून उभी होती. ती बाजूला झाली, वाट दिली. पोत्याला हात लावला नाही. थोरली उंबरा ओलांडून आत गेली, पोतं कोपऱ्यात टाकलं आणि दुसरं आणायला परत खळ्याकडे वळली.